पिन काढलेलं पिस्तूल

९ जानेवारी

प्रॉपर्टीवाले,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात 'प्रि'वरच अडला. तेव्हा नाटक कंपनीतले लोक तुला जी हाक मारतात तिच्यावरच आज भागव. पत्र पुढच्या मुक्कामाच्या थिएटरवर पाठवते आहे, मॅनेजरच्या हातून मिळेल. फोन करू नकोस. फोनवर तू फार चांगला वाटतोस. इतकी वर्षं नटांच्या संगतीत काढून तुझा आवाज तयार झालाय आणि मी त्या आवाजाला भुलते. कागदावर तुला ते जमत नाही, म्हणून कागदच बरा.

आज सकाळी पिस्तुलाच्या परवान्याचं नूतनीकरण होतं. तुला वाटलं असेल, फोटो चिकटवला, सही केली, शिक्का मारला, झालं काम. मलाही तसंच वाटलं होतं. पण यंदापासून नियम बदललाय. मालकाने स्वतःचं हत्यार घेऊन यायचं आणि त्यांच्यासमोर मैदानावर गोळ्या झाडून दाखवायच्या. हत्यार चालतं का आणि चालवणाऱ्याला येतं का, दोन्ही एकदम बघतात. हे तुला माहीत असतं तर तू दौऱ्यावर जाण्याआधी काहीतरी केलं असतंस, याची मला खात्री आहे. काय केलं असतंस ते मात्र ठाऊक नाही.

मैदान म्हणजे मागे मातीचा बांध, पुढे वाळूची पोती आणि मध्ये पुठ्ठ्याची माणसं. शिकवणाऱ्या सरांना ओठ झाकणाऱ्या मिशा आहेत, त्यामुळे ते हसले की रागावले ते कळत नाही. रांगेत पहिली मीच. तुला माहितीये मी कशी आहे. गेली दोन वर्षं रोज जनावरांचा दवाखाना बंद केल्यावर गोळ्या बाजूला काढून सराव केलेला. पेटी उघड, उचल, धर, खाली कर, ठेव, लाव. डोळे मिटूनसुद्धा जमतं. मनात म्हटलं, दाखवूच यांना. कानांवर टोपणं चढवली, उभी राहिले, चाप ओढला.

टक्.

सरांनी हात वर केला. "तसंच धरा. तोंड समोर. थांबा." मग गोळी काढली, दुसरी घातली. पुन्हा टक्. तिसरी. टक्. माझ्यामागे एक बँकेचा रखवालदार उभा होता, तो खोकल्यासारखं करून हसला. सरांनी पिस्तूल माझ्या हातातून घेतलं, टेबलावर स्वतःचा रुमाल पसरला आणि ते उघडून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"बाई, हे कुणाकडे दुरुस्तीला दिलं होतं?"

"नाही हो. नवं घेतल्यापासून माझ्याकडेच आहे."

"मग पिन कुठे गेली?"

मी विचारलं, कसली पिन. त्यांनी समजावलं, अगदी शाळेतल्या मुलीला समजावतात तसं. चाप ओढला की गोळीच्या बुडावर एक बारीकशी पिन आपटते आणि मग गोळी सुटते. ती नसेल तर आवाज तेवढा होतो, बाकी काही नाही. "आणि ही आपोआप पडत नाही," ते म्हणाले. "काढावी लागते. ज्याने काढलीये त्याचा हात फार सफाईदार आहे. एक ओरखडा नाही कुठे."

तुझ्या कामाची एवढी तारीफ मी परक्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. लग्नानंतर तू मला तुमचं वर्कशॉप दाखवायला नेलं होतंस. तलवारी, कुबड्या, टेलिफोन, खोटी फळं. आणि एका कपाटात जुनी खरी पिस्तुलं. तू ऐटीत सांगितलं होतंस, रंगमंचावर जाणाऱ्या प्रत्येक खऱ्या हत्याराची पिन मी माझ्या हाताने काढतो आणि नटाला सांगत नाही. मी विचारलं होतं, का नाही सांगत? तर म्हणालास, सांगितलं की त्याचं मनगट ढिलं पडतं, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं.

मला तेव्हा तुझं केवढं कौतुक वाटलं होतं. एकच विचारते. कधी काढलीस?

तुझी,
(हे सवयीने लिहिलं गेलं, खोडत बसत नाही.)


१७ जानेवारी

तुझं उत्तर आलं. चार पानं, त्यातली साडेतीन माफीची. माफी मी मागितली नव्हती, तारीख मागितली होती. ती शेवटच्या पानावर सापडली. जिन्यावरच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी.

म्हणजे जवळजवळ सुरुवातीपासून.

आता मला नीट आठवू दे, कारण तुझ्या पत्रात तू सगळं असं लिहिलंयस की जणू ते दुसऱ्याच कुणाच्या घरात घडलं. दोन माणसं भरदिवसा दवाखान्यात शिरली होती. मोठ्या जनावरांना झोपवायचं औषध त्यांना हवं होतं. नशेसाठी विकतात म्हणे ते. मी किल्ली देत नाही म्हटल्यावर एकाने माझ्या जबड्यावर काहीतरी हाणलं. दोन दात गेले. एका आजारी मेंढीच्या शेजारी मी फरशीवर पडले होते आणि ती मेंढी माझ्याकडे बघत होती. तू तेव्हा दौऱ्यावर होतास. तो तुझा दोष नाही, मी कधी म्हटलंही नाही. पण त्यानंतर शटरचा आवाज झाला की माझा हात आधी कमरेच्या किल्लीवर जायचा. म्हणून परवाना काढला.

मग पिस्तूल ठेवायचं कुठे यावरून आपण आठवडाभर भांडलो. तू म्हणत होतास, वर घरात लोखंडी कपाटात, गोळ्या स्वयंपाकघरात. मी म्हणाले, मग चोराला सांगू का, बस रे बाबा जरा, मी वर जाऊन कपाट उघडते, खाली येऊन डबा शोधते? तू हसलास. मी म्हणत होते, गल्ल्याच्या खणात. तू म्हणालास, ताईची मुलं येतात, त्यांना खण उघडायचा छंद आहे, आणि ते खरंच होतं. शेवटी ती पेटी आणली. औषधाच्या टेबलाखाली बोल्टने घट्ट बसवलेली, बोटाच्या ठशावर उघडणारी. तुझं बोट आणि माझं. बोट टेकवलं की क्षणात उघडते, दुसऱ्या कुणी आपटली तरी उघडत नाही. मला वाटलं होतं, नवरा-बायकोने भांडून काढलेला इतका शहाणा तोडगा गावात दुसरा नसेल. मी तो अभिमानाने सगळ्यांना सांगत सुटले होते.

आणि मग तो जिना. तू दौऱ्यावरून दोन दिवस लवकर आलास. मला चकित करायचं म्हणून बूट हातात घेऊन मागच्या जिन्याने वर आलास. तू दौऱ्यावर असलास की रात्री पिस्तूल वर न्यायचे, तसं दवाखाना बंद करून ते घेऊन मी वर आलेली. पावलं ऐकली, वळले आणि तुझ्या छातीवर धरलं. बोट चापावर होतं, हे मी तेव्हाही लपवलं नाही. मग तू दिसलास. मी पायरीवर मटकन बसले. आणि तू हसलास रे! बूट दोन्ही हातांत वर धरून "शरण, शरण" म्हणालास. चहा केलास. पुढे वर्षभर प्रत्येक पार्टीत तो किस्सा सांगितलास, बायकोने मला हात वर करायला लावले म्हणून. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे, कारण तू हसत होतास. घरी येताना जिन्याखालून शीळ घालायची हे आपण ठरवलं आणि तू कधी विसरला नाहीस.

तू घाबरला होतास हे मला काल, तुझ्या पत्रातून कळलं. "रात्रभर झोप लागली नाही, तुझ्याकडे पाठ करायची भीती वाटत होती," असं तू लिहिलंयस. ते वाचून मला रडू आलं. खोटं नाही सांगत. तुझ्यावर पिस्तूल धरलं गेलं, ते भयंकरच होतं. तुला भीती वाटण्याचा पूर्ण हक्क होता. तू म्हणाला असतास, ही वस्तू आजच्या आज घराबाहेर, तर मी भांडले असते. आदळआपट केली असती, तुझ्याशी बोलले नसते. पण शेवटी काहीतरी ठरलं असतं. आपलं ठरतंच. पेटीचं ठरलं होतंच ना?

तू भांडणच होऊ दिलं नाहीस. पिस्तूल वर्कशॉपमध्ये नेलंस, पिन काढलीस आणि परत आणून माझ्या पेटीत ठेवलंस. दोन वर्षं एक शब्द न बोलता माझा केसाने गळा कापलास, आणि तोही इतक्या हळू हाताने की मला पत्ताही लागला नाही.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही, ती सांगते. घोडा आडवा पाडणारं औषध माझ्या कुलपात असतं. त्याची किल्ली माझ्या कमरेला असते. माणसं आपापली जनावरं माझ्या हाती सोपवतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात. एवढ्या सगळ्यांना माझ्या हाताचा भरवसा वाटतो. फक्त ज्याच्या शेजारी मी झोपते त्याला वाटला नाही.

पार्ट्यांत मी किती वेळा म्हटलं, चल, एक दिवस मैदानावर जाऊ, मी माझ्या पिस्तुलाने गोळी झाडून बघते. कधी तालीम होती, कधी गाडी बिघडलेली, कधी तुझी कंबर धरलेली. मला वाटायचं बिचारा किती दमतो.


२५ जानेवारी

काल ताई आल्या होत्या. तू पाठवलंस का? त्या म्हणाल्या नाही, पण तुम्ही भावंडं खोटं बोलताना सारखीच दिसता. दोघंही बोलता बोलता कपड्यांवरचा नसलेला धागा काढता.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मुलांची परीक्षा, धाकट्याचा दात. मग त्या म्हणाल्या, "अगं, चुकलं त्याचं. पण जीव आहे त्याचा तुझ्यावर."

मी विचारलं, "ताई, तुम्हाला कधीपासून माहीत?"

त्यांनी धागा काढला.

"सांगा ना."

"अगं, मला माहीत नसतं तर मुलांना पाठवलं असतं का मी इथे? जिन्याचा किस्सा ऐकला तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, ते घरात असेपर्यंत माझी पोरं तुझ्या उंबऱ्यात येणार नाहीत. तेव्हा तो म्हणाला, ताई, काळजी करू नकोस, ते आता खेळणं आहे."

खेळणं. हा तुझाच शब्द ना?

ताई दर सुट्टीत मुलांना घेऊन यायच्या, तेव्हा मी काय करायचे आठवतंय? त्यांना टेबलाखाली वाकायला लावून पेटी दाखवायचे. झाकण ओढून दाखवायचे, बघा, उघडत नाही. मुलांनाही बजावायचे, इथे हात लावायचा नाही. त्या बाईने दोन वर्षं ते सगळं शांतपणे बघून घेतलं. एकदा तर माझ्या पाठीवरून हात फिरवून "किती गं काळजी घेतेस" म्हणाल्या होत्या. मी दिवसभर खुशीत होते. आता तो हात आठवला तरी अंगावर काटा येतो. तू त्यांच्याकडे गेलास की तुम्ही दोघं माझी नक्कल करत होता का? खरं सांग. नसेल केली, पण हे मला आता कधीच कळणार नाही.

तू रागावू नकोस, मी त्यांना वाईट बोलले नाही. आई म्हणून त्यांनी बरोबरच केलं. त्यांनी निदान तुला तोंडावर विचारलं. पण निघताना दारात त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि ते गेल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तो चोर आला ना, तेव्हा मला वाटलं, आता तरी सांगेलच हा तुला."

तो चोर.

या सगळ्या गडबडीत मी त्या दुपारकडे वळूनच बघितलं नव्हतं. पिनेचा विचार करत होते, तारखेचा, वर्कशॉपचा. ती दुपार माझ्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात ठेवलेली होती. माझ्या अभिमानाचा कप्पा तो. काल संध्याकाळी पहिल्यांदा मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

शटर अर्धं खाली, जेवणाची सुट्टी. कंपाउंडर घरी गेलेला. तू वर पडला होतास, आठवडाभराने दौरा सुरू व्हायचा होता. मागच्या दाराची कडी कुणीतरी उचकटतंय असा आवाज आला. मी पेटीवर बोट टेकवलं. झटकन उघडली, ती बिचारी नेहमी उघडते. बोळात आले तर दार पडलेलं आणि आत एक माणूस, हातात पहार. आमच्यामध्ये अंतर किती, तर माझं तपासायचं टेबल असतं ना, तेवढं. त्याने पहार उचलून एक झेप घेतली असती की झालं होतं.

मी पिस्तूल धरलं आणि ओरडले, "पाऊल पुढे टाकलंस तर झाडीन." माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्याने नळीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. पहार उचललेलीच. मी एक पाऊल पुढे गेले. मागे नाही, पुढे! कारण मला ठाऊक होतं की माझ्या हातात काय आहे. मग त्याने पहार टाकली आणि भिंतीवरून उडी मारून गेला.

गल्लीत केवढा गाजावाजा झाला. पोलीस येऊन गेले, त्यांच्यातला साहेब मला सलाम ठोकून गेला. समोरचा शिंपी अजून मला बघितलं की उठून उभा राहतो. आणि तू काय म्हणालास? "कडक एंट्री, डॉक्टरीणबाई." मला ते जगातलं सगळ्यात मोठं कौतुक वाटलं होतं.

आता सांग. तू जिन्याने खाली आला होतास. मी पुढे पाऊल टाकलं तेव्हा तू माझ्या मागे, हाताच्या अंतरावर होतास. माझ्या खांद्यावर हात ठेवला होतास, मला तो अजून जाणवतो. मी समजले, तो हात धीर द्यायला होता. पहार त्याच्या हातात होती, माझ्या हातात खेळणं होतं आणि हे आपल्या तिघांत फक्त तुला माहीत होतं.

तू का बोलला नाहीस? एवढंच लिही. माफी नको.


६ फेब्रुवारी

तुझं पाकीट मिळालं. आत तुझं पत्र आणि कागदाच्या घडीत ती पिन. मी आजवर बघितली नव्हती. किती चिमुकली आहे रे, कोंबडीच्या पिल्लाच्या पायाचं हाड असावं एवढी. तळहातावर घेऊन बसले होते.

तुझं उत्तर मी तीनदा वाचलं. "मी खांद्यावर हात ठेवला तो तुला मागे ओढायला. पण तू पुढे गेलीस. बोललो असतो तर त्यालाही कळलं असतं की पिस्तूल चालत नाही. तुझं मनगट ढिलं पडलं असतं, त्याने ते ओळखलं असतं आणि पहार तुझ्या डोक्यात घातली असती. तुझ्या खात्रीनेच तुला वाचवलं. म्हणून गप्प राहिलो."

उत्तर चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. सकाळी वाचलं तेव्हा मला वाटलं, हो की, याचं बरोबर आहे. त्या क्षणी खरं सांगणं म्हणजे मला मारणं होतं. बोळात, त्या माणसासमोर, तू दुसरं काय करू शकत होतास? माझा राग निम्म्याने उतरला. मनात तुझं परत येणं रंगवूनही झालं. जिन्याखाली शीळ, मी वरून खोटं रागावणार, तू चहा करणार. दुपारी एका बैलाचे खूर कापायचे होते, ते काम मी गुणगुणत केलं. कंपाउंडर म्हणाला, "बाई, आज स्वारी खुशीत दिसते." मी म्हणाले, मालक यायचेत लवकरच.

मग हात धुवायला गेले. साबण लावला, आणि नळ सोडता सोडता माझ्या मनात आलं, बरं, तो माणूस भिंतीवरून गेला. मग?

मग बोळात तो नव्हता. तू होतास आणि मी होते.

तू पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलंस. स्वतःच्या सदऱ्याला पुसलंस. टेबलाखाली वाकलास, पेटीत ठेवलंस, झाकण लावलंस आणि लागलं की नाही म्हणून दोनदा ओढून बघितलंस. मला पाणी दिलंस. तेव्हा माझं मनगट ढिलं पडलं असतं तर काय बिघडणार होतं? तेव्हा कोण पहार घेऊन उभं होतं? त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, पोलीस येऊन गेल्यावर, शिंपी उठून उभा राहिला तेव्हा, कधीही बोलता आलं असतं. पूर्ण आठवडा होता तुझ्याकडे. त्या आठवड्यात तू ट्रंका भरल्यास, यादी लावलीस, नाटकातल्या टेलिफोनची तार बदललीस.

आणि दौऱ्यावर निघून गेलास.

ज्या माणसाने माझं दार बघितलं होतं, माझा चेहरा बघितला होता, मी दुपारी एकटी असते हे ज्याला कळलं होतं, तो बाहेर मोकळा असताना तू निघून गेलास. मी मागच्या दाराची फळी बदलली नाही, जुनीच ठोकून घेतली. ताई म्हणाल्या होत्या माझ्याकडे येऊन राहा, मी गेले नाही. कंपाउंडरने त्याच्या बायकोला सोबतीला पाठवतो म्हटलं, मी हसले. मला कशाला हवी सोबत? माझ्याकडे पिस्तूल होतं ना. तू दिलेल्या खात्रीच्या जोरावर मी एकेक दार उघडं टाकत गेले आणि तू ते बघत होतास. जाताना गाडीच्या खिडकीतून काय म्हणालास आठव. "पेटी जवळ ठेव हं."

आणि पिन तुझ्या ट्रंकेत होती. पाकिटावर दौऱ्यातल्या गावाचा शिक्का होता, त्यावरून कळलं मला. ती घरात नव्हतीच. तुला वाटेत पश्चात्ताप झाला असता आणि तू फोन करून सांगितलं असतंस, तरी मला ती बसवता आली नसती. ती तुझ्याबरोबर गावोगाव प्रयोग करत फिरत होती.

जिन्यावर तू घाबरलास, ते मी समजून घेतलं. बोळात गप्प राहिलास, तेही घेतलं. पण बोळानंतरचा तो आठवडा मला कुठेच ठेवता येत नाही. त्या आठवड्यात तुला माझी भीती वाटत नव्हती. माझी काळजी होती असंही दिसत नाही. मी रागावेन, एवढीच भीती होती. माझ्या रागापेक्षा माझा जीव तुला स्वस्त वाटला. हे लिहिताना हात थांबतोय, पण दुसरा शब्द सापडत नाही.


१३ फेब्रुवारी

दौरा संपायला आलाय, म्हणून हे घाईने लिहिते.

काल पिस्तूल आणि पिन घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हातारा माणूस, नाकाच्या टोकावर चष्मा. पिन बसवली, मागच्या अंगणात दोन गोळ्या झाडून बघितल्या. एवढा आवाज होतो हे मी विसरले होते. मी दचकले तर म्हणाला, "दचकायलाच पाहिजे, न दचकणाऱ्याला मी हे परत देत नाही." मग पेटी कुठली, कुठे बसवलीये, सगळं विचारलं. मी सांगितलं. खूश झाला. म्हणाला, लोक एक तर उशीखाली ठेवतात नाहीतर असं गाडून ठेवतात की वेळेला सापडत नाही, तुम्ही मधला मार्ग नीट काढलाय. मी म्हणाले, आम्ही भांडून काढला होता.

मग म्हणाला, पेटीही एकदा तपासून देतो, आणि आज दुपारी स्वतः दवाखान्यात आला. बॅटरी बदलली, बोल्ट आवळले. खाली वाकूनच विचारलं, "यात दोन बोटं आहेत. एक तुमचं. दुसरं?"

"नवऱ्याचं."

"ते घरी असतात?"

"दौऱ्यावर असतात." हे उत्तर माझ्या तोंडात बसलेलं आहे.

"मग त्यांचं बोट ठेवू की काढू? त्याचं काय आहे बाई, घरातल्या माणसाचं असलेलं बरं. अडीअडचणीला दोघांना उघडता यायला हवं. पण ज्याचं बोट असेल त्याच्यावर तुमचा पूर्ण भरवसा पाहिजे. निम्माशिम्मा चालत नाही यात."

तो तसाच वाकून थांबला होता. कंपाउंडर दारात एका कुत्र्याला धरून उभा होता आणि कुत्रं केकाटत होतं. मला विचार करायला सवड हवी होती, पण खरं सांगू, तेवढी लागली नाही.

"काढा," मी म्हणाले.

त्याने एक बटण दाबून धरलं, पेटीने एक बारीक आवाज केला आणि झालं. मग मी कुत्र्याला टेबलावर घेतलं.

संध्याकाळी कुलूपवाल्यालाही बोलावलं. वरच्या घराचं, मागच्या दाराचं, शटरचं, सगळी कुलपं बदलली. तुझे कपडे, पुस्तकं, हत्यारांची पेटी ताईंकडे पोचवली आहे. तुझा चष्मा टेबलावर राहिला होता, तोही फडक्यात गुंडाळून दिलाय. तू नेहमीसारखा रविवारी उतरून सरळ घरी येशील, शीळ घालशील, किल्ली लावशील आणि ती फिरणार नाही. न सांगता तुला तसं दारात उभं करणं मला सहज जमलं असतं.

म्हणून आधी सांगते आहे.